उजव्या कानातली घंटा

एडना सायडिंग, डाकोटा
९ सप्टेंबर १८८६

प्रिय ताई,

रूळ हाउगेनमधून जाणार नाहीत. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला मी कळवतो आहे. तुमच्या गावाच्या उत्तरेला दोन मैलांवरून जातील. तुझं घर गाव आणि रूळ यांच्या बरोबर मध्ये राहील. रेल्वेचा साहेब म्हणाला, हाउगेनला चढ आहे आणि इंजिनाला चढ आवडत नाही. मी म्हणालो, गावात चर्च आहे, लोहार आहे, दुकान आहे, तीस घरं आहेत. तो म्हणाला, "घरं लाकडाचीच ना? मग येतील."

नव्या गावाचं नाव एडना. ते साहेबाच्या मुलीचं नाव. ती सेंट पॉलला राहते आणि तिने अजून गाय जवळून पाहिलेली नाही. सध्या इथे चार तंबू, एक विहीर आणि चुन्याने आखलेले रस्ते आहेत. पाऊस आला की रस्ते वाहून जातात. आम्ही पुन्हा आखतो.

मला मुकादमाची जागा मिळाली. हाताखालची माणसं बहुतेक आयरिश. मला 'नॉर्वेचा' म्हणून हाक मारतात, नाव कुणी घेत नाही.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. ओस्मुंडने सोमवारी आमच्या मोजणीचे खुंट उपटले. मोजणीदार आडवा गेला, तर त्याच खुंटाने त्याचा जबडा फोडला. मी त्याला उचलायला वाकलो तेव्हा त्याचे दात माझ्या तळहातावर पडले. ओस्मुंड मला म्हणाला, "रेल्वेची भाकरी खातोस ना? मग तिच्याच अंगणात झोप. माझ्या दारात पाय टाकलास तर तो पाय इथेच ठेवून जाशील."

म्हणून हे पत्र. माळावर मेलेल्या गव्यांची हाडं वेचून विकणारा बातीस्त दोन्हीकडे फिरतो, त्याच्या गाडीतून पाठवतो. तोही म्हणाला, "मैलभरावरच्या बहिणीला पत्र? तुम्ही गोरे लोक चालायला विसरलात."

ताई, घर ओढून आण. हिवाळ्यात जमीन गोठली की घराखाली ओंडके घालू. माझी माणसं आणि माझे घोडे मी देतो. एडनात तुझ्यासाठी विहिरीजवळची जागा मी राखून ठेवली आहे.

तुझा
सिगुर्ड


हाउगेन
२१ सप्टेंबर

प्रिय सिगुर्ड,

पत्र मिळालं. ओस्मुंड शेतात असताना वाचलं आणि चुलीत घातलं. तूही माझी पत्रं जाळ.

मोजणीदाराचं ऐकून वाईट वाटलं. पण तू लिहितोस तसं सोपं नाही ते. आम्ही आलो तेव्हा इथे हातभरही सावली नव्हती. पहिली दोन वर्षं आम्ही मातीच्या ढेकळांच्या घरात काढली, पावसात छतातून साप पडायचे. पहिल्या मुलाला टेकडीवर पुरलं, तेव्हा चर्च नव्हतं, फक्त टेकडी होती. चर्च नंतर त्याच्या शेजारी बांधलं. आता तुझा साहेब म्हणतो, लाकडाचं आहे, येईल. टेकडीत पुरलेलं कसं येणार?

आणि घंटा. ती आम्ही बायकांनी अंडी आणि लोणी विकून मागवली. ती फक्त रविवारी वाजते असं तुला वाटत असेल, कारण तू इथला हिवाळा पाहिलेला नाहीस. इथे हिमवादळ उठलं की स्वतःचा हातमोजा दिसत नाही. मग स्यूर म्हातारा जाऊन घंटा धरतो आणि वादळ संपेपर्यंत सोडत नाही. गेल्या हिवाळ्यात ओस्मुंड ओढ्यावरून लाकूड घेऊन येत होता. ओढा आमच्या पश्चिमेला, म्हणजे घरी येताना चर्च उजव्या हाताला. घंटा उजव्या कानात धरून तो तीन मैल चालला आणि दारावर डोकं आपटलं तेव्हा त्याला कळलं की घर आलं. इथे सगळे असेच चालतात. ज्याची जशी वाट, तसा त्याचा कान ठरलेला. पोरांना उजवा-डावा हात कळायच्या आधी घंटेचा कान कळतो. स्यूर म्हणतो, वारा खोटं बोलतो, घंटा बोलत नाही.

घर आणायचं माझ्या हातात असतं तर विचार केला असता. नाही म्हणणार नाही. ओस्मुंडला मात्र हे विचारूही शकत नाही. रात्री जेवताना तो ताटाकडे न बघता खिडकीकडे बघतो. तिथून तुमच्या तंबूंचे दिवे दिसतात.

मारित चालायला लागली. तिची टाळू तुझ्यासारखी, दोन भोवऱ्यांची.

गुनहिल्ड


एडना
२८ ऑक्टोबर

ताई,

सोमवारी रात्री आम्ही टाकत आणलेल्या रुळावरची खडीची गाडी एडनाच्या अलीकडच्या वळणावर उलटली. तुला इंजिन आडवं पडल्याचा आवाज आला असेलच, एवढं अंतर काही फार नाही.

सात स्लीपरचे खिळे काढलेले होते. मी स्वतः कंदील घेऊन पाहिलं. हातोड्याने तोडलेले नव्हते, पहारीने नीट उपटून बाजूला रचून ठेवले होते. ज्याने काढले तो हत्यारांना जपणारा माणूस आहे.

ड्रायव्हर उडी मारून वाचला. कोळसा घालणारा डोनल आत राहिला. बॉयलर फुटला नाही, नळी फुटली, आणि वाफ थेट त्याच्यावर आली. आम्ही त्याला बाहेर ओढला. मी दंडाला धरलं तर दंडाची कातडी मोज्यासारखी माझ्या हातात आली. ताई, मी हे तुला घाबरवायला लिहीत नाही. मला हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि इथे सगळ्यांनीच ते पाहिलं आहे. तो सकाळपर्यंत जिवंत होता. मला "मुकादम, थंडी वाजते" म्हणत राहिला. मी त्याच्यावर काही घालू शकत नव्हतो, काहीही चिकटलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझी माणसं बंदुका घेऊन हाउगेनकडे निघाली. मी त्यांना तुमच्या गावाच्या वेशीवरच्या विहिरीपर्यंत थोपवलं. त्यापुढे थोपवू शकलो नाही. स्यूरचे दोन्ही बैल त्यांनी गोठ्यातच मारले, आणि तुमच्या गंजी पेटवल्या. माणसाला हात लावू नका एवढंच मी म्हणू शकलो.

एकच विचारतो. सोमवारी रात्री ओस्मुंड कुठे होता?

सिगुर्ड


हाउगेन
७ नोव्हेंबर

सिगुर्ड,

ओस्मुंड घरी होता. मारितला घशात फोड आला होता, दोघंही रात्रभर जागे होतो. तो तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता.

तू मुकादम आहेस. न्यायाधीश होऊ नकोस.

त्या मुलाच्या आईला कुणी कळवलं का? कुणी कळवलं नसेल तर तू कळव, पण थंडीचं लिहू नकोस. झोपेत गेला असं लिही.

स्यूरचे बैल मेले त्याला दोन आठवडे होत आले. एक बैल लगेच मेला नाही. पोटात गोळी घेऊन तो गोठ्याची भिंत चाटत होता. स्यूरच्या मुलाने, टोर्गिलने, शेवटी कुऱ्हाडीने त्याला संपवला आणि तिथेच बसून राहिला. मी सूप घेऊन गेले तर म्हणाला, "मावशी, तुझा भाऊ विहिरीजवळ उभा राहून बघत होता. मी त्याचा चेहरा ओळखतो." मी म्हणाले, तो थोपवत होता. तो म्हणाला, "थोपवणारा माणूस बघताना कसा दिसतो, आणि नुसता बघणारा कसा दिसतो? मला तरी फरक दिसला नाही."

गंजी जळल्यावर जनावरांना काय घालायचं ते मी तुला विचारणार नाही.

गुनहिल्ड


एडना
५ डिसेंबर

प्रिय ताई,

डोनलच्या आईला लिहिलं. झोपेत गेला असं लिहिलं.

रूळ एडनापर्यंत पुरे झाले. पहिली मालगाडी मंगळवारी शिट्टी वाजवत आली आणि परत जाताना काय घेऊन गेली, माहीत आहे? हाडं. बातीस्तने वेचलेली गव्यांची हाडं, दोन डबे भरून. खतासाठी पूर्वेला जातात. गहू पुढच्या वर्षी जाईल. या माळाने पाठवलेला पहिला माल म्हणजे मेलेली जनावरं.

जमीन गोठल्यापासून हाउगेनची घरं येतायत हे तुला दिसतच असेल. लोहाराचं आलं, दुकान आलं. दुकान ओढत होतो तेव्हा आत शेगडी पेटलेली होती आणि दुकानदाराची बायको आतमध्ये ब्रेड भाजत होती. अर्ध्या वाटेवर तिने दार उघडून मला विचारलं, "मुकादम, जरा सावकाश. पीठ बसतंय." आम्ही सोळा घोडे थांबवले. पीठ फुगेपर्यंत माळावर उभे राहिलो. ताई, खूप दिवसांनी सगळे हसले.

पण साहेब हसत नाही. तो म्हणतो, चर्च आल्याशिवाय गाव आलं असं होत नाही. वसंतापर्यंत अर्धे लोक हाउगेनमध्येच राहिले, तर धान्याचं कोठार तो पुढच्या सायडिंगला बांधणार. मग एडना हाडं भरायची जागा उरेल, आणि मी एवढं सगळं कशासाठी केलं ते मला सांगता येणार नाही. डोनलला इथे पुरलाय.

हे तुझ्यावर टाकत नाही. मला फक्त मारितला बघायचं आहे. ओस्मुंड घरी नसेल असा एखादा दिवस कळव. तासभर बसेन, कॉफी पिईन, जाईन.

सिगुर्ड


हाउगेन
४ जानेवारी १८८७

प्रिय सिगुर्ड,

तेरा तारखेला ये. गुरुवार आहे. त्या दिवशी सगळी माणसं ओढ्यावर लाकूड तोडायला जाणार आहेत. गंजी जळल्या, त्यामुळे गवताचे पीळ करून चुलीत घालायचे तेही आता उरलेले नाहीत. जो हातपाय हलवू शकतो तो जाणार. गावात बायका आणि स्यूर म्हातारा एवढेच राहतील.

चर्चच्या बाजूने येऊ नकोस, कुणी पाहिलं तर ओस्मुंडच्या कानावर जाईल. उत्तरेकडून सरळ माझ्या दारात ये. लेफ्से करीन, आपल्या बटाट्याच्या पोळ्या, तुला आवडतात तशा पातळ. बटाटे आहेत अजून.

मारितला मी तुझं नाव शिकवते आहे. 'सिगू' म्हणते.

गुनहिल्ड


एडना
१६ जानेवारी

ताई,

हे पत्र मी डाव्या हाताने लिहितो आहे, त्यामुळे अक्षर वाईट आहे.

तू मला शिव्या देत असशील. आधी माझं ऐक. तुझं पत्र आलं त्या दिवशी साहेब इथेच होता. त्याने कोठाराचा नकाशा गुंडाळून पेटीत ठेवला होता. मी त्याला म्हणालो, चर्च राहू द्या, फक्त घंटा आणू. घंटा जिथे असेल तिथे ती माणसं येतात. आणि असा एक दिवस मला माहीत आहे की कुणालाही गोळी घालावी लागणार नाही. मी एवढाच विचार केला होता. पुरुष नसतील, म्हणजे रक्त नसेल.

स्यूर मध्ये येईल हे मला सुचलं नाही. त्याने घंटेचा दोर दोन्ही मनगटांना गुंडाळून घेतला होता. म्हणाला, "घंटा न्यायची तर मलाही न्या. मी हलका आहे." मी त्याला खूप समजावलं. वरती माणसं बोल्ट काढत होती. मग माझ्या आयरिश माणसांतल्या पॅडीने घण उचलला. मी त्याला बाजूला केलं आणि कुदळीच्या दांड्याने स्यूरच्या बोटांवर मीच मारलं. पॅडीने मारलं असतं तर म्हातारा तिथेच मेला असता. मी बेताने मारलं. चौथ्या फटक्याला दोर सुटला.

नंतर बायका आल्या. तू होतीस. तुझा गवत उचलायचा दातेरी काटा माझ्या मांडीत हाडापर्यंत गेला. कुणी टोचलं ते मी इथे सांगितलेलं नाही. अंधारात पडलो आणि काटा लागला, असं सांगितलं. दुपारी बाराला कसला अंधार, असं कुणी विचारलं नाही.

घंटेच्या जिभेला पोतं बांधून आम्ही ती आणली आणि पाण्याच्या टाकीच्या चौकटीला टांगली. आणि दुपारी वादळ आलं.

आता हे ऐक, ताई. आकाश पांढरं झालं त्या क्षणी मला ओस्मुंड आठवला. तो ओढ्यावर होता, आणि हाउगेनमध्ये वाजवायला काही नव्हतं. मी पोतं सोडलं आणि दोर धरला. माणसं म्हणाली, "नॉर्वेच्या, वेडा झालास का? आपले सगळे आत आहेत." मी म्हणालो, त्यांचे बाहेर आहेत. दुपारपासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत मी दोर सोडला नाही. मांडीतलं रक्त बुटात गोठलं. उजव्या तळहाताची कातडी दोराला राहिली. पॅडी दोनदा मला बदलायला आला, मी त्याला लाथ मारली.

त्याला सांग की तो माझ्या घंटेने घरी आला. मला माफ करायला सांगू नकोस. फक्त एवढं सांग.

तो घरी आला, हे कळव.

सिगुर्ड


हाउगेन
३० जानेवारी

सिगुर्ड,

बातीस्तकडून हे लगेच मिळेल. तो दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

ओस्मुंड आणि शेजारचा एलिंग लाकूड भरून ओढ्यावरून निघाले होते. मैलभर आले आणि वादळाने गाठलं. बैल बसले. दोघं गाडीखाली शिरले, कांबळी अंगावर घेतली आणि तिथेच थांबायचं ठरवलं. बाकीची माणसं ओढ्याच्या झाडीत थांबली आणि वाचली. हे दोघंही वाचले असते. गाडीखाली बर्फ साचला की ऊब राहते.

मग घंटा वाजायला लागली.

पुढचं एलिंगने सांगितलं. त्याच्या दोन्ही पायांची बोटं काढली आहेत, पण तो बोलतो. ओस्मुंड म्हणाला, "स्यूर वाजवतोय. चल." दोघं बाहेर आले. ओस्मुंडने उभं राहून घंटा उजव्या कानात घेतली. पूर्वी घेत होता तशीच. थोडं चालल्यावर एलिंग म्हणाला, "वारा तोंडावर येतोय. घरी जाताना तो पाठीवर हवा." ओस्मुंड म्हणाला, "वारा खोटं बोलतो." एलिंग म्हणाला, "अरे, पण एवढं खोटं?" ओस्मुंड म्हणाला, "तू ये नाहीतर बस. माझी पोर बिनजळणाच्या घरात आहे." एलिंग परत फिरला आणि चाचपडत गाडीला अडकला. ओस्मुंड चालत राहिला.

तुझी घंटा उत्तरेला होती, सिगुर्ड. उत्तरेची घंटा उजव्या कानात घेतली की माणूस पश्चिमेला चालतो.

चार दिवसांनी सापडला. ओढा त्याने परत ओलांडला होता. झाडं नाहीत तिथून, बर्फाने भरलेला, पायाखाली आला तरी कळला नसेल. ओढ्याच्याही पलीकडे दोन मैल. बसलेला नव्हता, पडलेलाही नव्हता. गुडघ्यावर होता आणि टोपी उजव्या कानावरून वर दुमडलेली होती, नीट ऐकू यावं म्हणून. तो कान काळा पडला होता. हात लावल्यावर तुटला. मी तो रुमालात घेतला आणि त्याच्याबरोबर ठेवला.

तू वाजवायचा थांबला असतास, तर तोही थांबला असता. मी तुला सगळं लिहिलं होतं. कोणता कान, कोणती बाजू. तू वाचलं होतंस.

आणि गुरुवारचं मीच लिहिलं होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझं पत्र मी जाळलं, माझं तू जाळ.

स्यूर शनिवारी गेला. बोटं सडली, मग हात सडला. शेवटी तापात तो उरलेल्या हाताने दोर ओढत होता. टोर्गिलने शवपेटीवर हात ठेवून शपथ घेतली. काय घेतली ते तुला कळेल. वेशीवरच्या विहिरीच्या दक्षिणेला पाऊल टाकू नकोस.

एक शेवटचं. त्या सोमवारी रात्री मारितचा घसा दुखत नव्हता. ओस्मुंड पहाटे आला. त्याच्या हातांना लोखंडाचा वास होता. पहार अजून आमच्या पलंगाखाली आहे. तू म्हणशील, म्हणजे फिटलं. मीही रात्री तसं म्हणून पाहते. फिटत नाही.

लिहू नकोस.

गुनहिल्ड


एडना
२ जुलै १८९०

ताई,

साडेतीन वर्षं मी लिहिलं नाही. आताही उत्तर यावं म्हणून लिहीत नाही.

एडना उठलं. इथलं पाणी खारट निघालं. बॉयलरमध्ये फेस येतो, नळ्या खाल्ल्या जातात. साहेबाने सायडिंग सात मैल पुढे नेली. नव्या गावाचं नाव क्लारा. ही त्याची धाकटी मुलगी. कोठार मार्चमध्ये उघड्या डब्यांवर चढवून नेलं, घरं त्यामागून ओढत नेली. दुकानही गेलं. दुकानदाराची बायको यावेळी काही भाजत नव्हती. मला म्हणाली, "मुकादम, तिसऱ्यांदा मी नाही हलायची. तिसऱ्यांदा मला आत ठेवून पेटवून द्या." आता गाडी इथे थांबत नाही, हळूही होत नाही.

क्लाराला चल म्हणाले. मी गेलो नाही. डोनल इथे आहे, आणि टाकीची चौकट इथे आहे.

त्या सकाळनंतर ही घंटा कुणी वाजवली नाही. जिभेला पुन्हा मी पोतं बांधलं. पोतं आता कुजलं आहे, जोराचा वारा आला की घंटा एखाद-दुसरा ठोका देते. तेवढ्यानेही मी उठून बसतो.

बातीस्त म्हणाला, हाउगेनमध्ये अजून अकरा घरं आहेत आणि चर्च उभं आहे. घंटा परत आणायची आहे. मी एकटा घोडागाडीत घालू शकतो, कप्पी आहे. वेशीवरच्या विहिरीपर्यंत आणून ठेवू, की चर्चपर्यंत आणू, ते तू सांग. तू सांगशील तसं करीन.

सिगुर्ड


हाउगेन
८ जुलै

प्रिय सिगुर्ड,

पत्र मिळालं. तीन दिवस ते बायबलखाली ठेवलं होतं. टोर्गिल आता चर्चचं बघतो. त्याने मला विचारलं, "मावशी, बातीस्तने काय आणलं?" मी खोटं बोलले नाही.

सतरा तारखेला ये. गुरुवार आहे. त्या दिवशी सगळी माणसं ओढ्यावर लाकूड तोडायला जाणार आहेत.

चर्चच्या बाजूने ये.

लेफ्से करीन, पातळ. मारित पाच वर्षांची होईल. तुझं नाव तिला आठवत नाही.

गुनहिल्ड


एडना
१४ जुलै

ताई,

जुलैत ओढ्यावर लाकूड तोडायला कुणी जात नाही. गव्हात माणूस बुडेल एवढं काम असतं. हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक आहे. तुला दुसरं काहीही लिहिता आलं असतं, हेच लिहिलंस. यात मला परत फिरायची वाट ठेवलीस. त्याबद्दल देव तुझं भलं करो.

यावेळी तुझं पत्र मी नीट वाचलं आहे. गुरुवारी येतो.

तुझी सगळी पत्रं आज टाकीखाली जाळली. टोर्गिलला काही सापडणार नाही. तो पहिला गुरुवार कुणाकडून कळला, ते मी मेलो तरी निघणार नाही.

घंटा गाडीत आडवी ठेवली तर तिला तडा जाईल, म्हणून चौकट बांधून टांगून आणतो. जिभेला पोतं बांधणार नाही. ती रस्ताभर वाजेल, म्हणजे मी कुठवर आलो ते सगळ्यांना ऐकू येईल आणि कुणाला मला शोधत बाहेर यावं लागणार नाही.

मारितला त्या दिवशी घरात ठेव.

तुझा
सिगुर्ड